हात मोडला तरी नोंद एनसीचीच? दखलपात्र, जामीनपात्र, तडजोडपात्र यांचा व्यवहारातला अर्थ

प्रश्न थोडक्यात असा. शेताच्या बांधावरून वाद झाला. शेजारचे दोघे तुमच्या शेतात आले, भावाला शिवीगाळ केली, ‘बघून घेतो’ म्हणाले आणि काठीने हातावर मारले. पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, झाली. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तेव्हा मनगटाजवळचे हाड मोडल्याचे कळले. ठाण्यातून ‘आता कोर्टात जा’ असे उत्तर मिळाले. हा गुन्हाच नाही का, आणि असेल तर समोरचे आत जाणार की जामिनावर सुटणार, हे तुम्हाला समजून घ्यायचे आहे.

गुन्हा आहेच, एनसी झाली म्हणून तो नाहीसा होत नाही. घोळ होतो तो वेगळ्याच कारणाने. दखलपात्र म्हणजे गंभीर, अदखलपात्र म्हणजे किरकोळ, आणि अजामीनपात्र म्हणजे सुटका नाही, असे बहुतेकांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. कायद्यात हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात का (दखलपात्र)? आरोपीला जामीन मिळण्याचा हक्क आहे का (जामीनपात्र)? फिर्यादीला पुढे मिटवायचे असेल तर मिटवता येते का (तडजोडपात्र)? एका प्रश्नाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर काढायला गेलात की फसलात.

आधी कायद्याचे नाव. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. घटना त्या तारखेपूर्वीची असेल तर जुन्या दंड संहितेचीच कलमे लागतात, फिर्याद नंतर दिली तरीही. ठाण्यात आणि कोर्टाच्या आवारात अजून ‘तीनशेतेवीस’, ‘चारशेवीस’ हेच शब्द ऐकू येतात, म्हणून इथे लागणारी जोडी सांगून ठेवतो: साधी दुखापत ३२३ चे ११५(२), शांतताभंगासाठी चिथावणारा अपमान ५०४ चे ३५२, धमकी ५०६ चे ३५१, हत्याराने दुखापत ३२४ चे ११८(१), गंभीर दुखापत ३२५ चे ११७(२), हत्याराने गंभीर दुखापत ३२६ चे ११८(२), वाट अडवणे ३४१ चे १२६(२), समान इराद्याने केलेले कृत्य ३४ चे ३(५). पुढे गुन्हे, शिक्षा आणि बचाव यांची कलमे न्याय संहितेची, आणि नोंद, तपास, अटक, जामीन, तडजोड, मुदत यांची कलमे नागरिक सुरक्षा संहितेची समजा.

एखादे कलम दखलपात्र की अदखलपात्र, हे ते कलम वाचून कळत नाही. नागरिक सुरक्षा संहितेला जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत प्रत्येक कलमासमोर ते लिहिलेले आहे: शिक्षा किती, दखलपात्र की नाही, जामीनपात्र की नाही, खटला कोणत्या न्यायालयात. वकील असो वा ठाणे अंमलदार, बघायचे ते याच तक्त्यात. इतर कायद्यांतल्या गुन्ह्यांसाठी, त्या कायद्यात वेगळे काही सांगितलेले नसेल तर, अनुसूचीच्या दुसऱ्या भागातला ढोबळ नियम आहे: तीन वर्षे किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा असेल तर दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपेक्षा कमी किंवा नुसता दंड असेल तर अदखलपात्र आणि जामीनपात्र. हाच नियम लोक न्याय संहितेलाही लावतात आणि तिथेच चुकतात. न्याय संहितेत एखाद्याची वाट अडवण्याला जास्तीत जास्त एक महिना साधी कैद आहे, तरी तो गुन्हा दखलपात्र. पती किंवा पत्नी हयात असताना दुसरे लग्न करण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तरी तो अदखलपात्र आणि जामीनपात्र. साधी फसवणूक अदखलपात्र, पण फसवून मालमत्ता काढून घेतली की ३१८(४) लागते, ते दखलपात्र आणि अजामीनपात्र. चोरीतली मेख तर फार लोकांना माहीत नाही. चोरी एरवी दखलपात्र आणि अजामीनपात्र. मात्र वस्तूची किंमत पाच हजारांपेक्षा कमी, आरोपीची पहिलीच वेळ आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, अशा चोरीला समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे आणि ती अदखलपात्र आहे. त्यामुळे मोबाइल चोरीला गेला की अंदाजाने ‘चार हजार’ सांगून मोकळे होऊ नका. बिल काढा आणि खरी किंमत लिहून द्या.

आता तुमच्या प्रकरणाकडे. एनसी बहुधा ११५(२), ३५२ आणि ३५१(२) या कलमांखाली झाली असेल. तिन्ही अदखलपात्र आहेत, त्यामुळे नोंद करतेवेळी अंमलदाराने जे ऐकले त्यावरून त्याने केले ते फारसे चुकीचे नव्हते. अदखलपात्र गुन्ह्यात कलम १७४ प्रमाणे पोलिसांनी माहिती नोंदवून घ्यायची आणि फिर्यादीला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे, एवढेच त्यांच्या हातात असते. त्यांच्या आदेशाशिवाय तपास करायला पोलिसांना कायद्याने मनाई आहे. ‘एनसी करून महिना झाला, पोलिसांनी काहीच केले नाही’ या तक्रारीचे उत्तर इथेच आहे. एनसी केल्याने खटला उभा राहत नाही. अमुक दिवशी अमुक घडल्याचे तुम्ही सांगितले, एवढाच दाखला राहतो. उद्या पुन्हा मारहाण झाली तर जुना वाद होता हे दाखवायला तो उपयोगी पडतो, म्हणून त्याची प्रत जपून ठेवा.

पण तुमच्या घटनेत तीन गोष्टी अशा आहेत की त्यांनी चित्रच पालटते.

पहिली, हाड. गंभीर दुखापत म्हणजे काय याची यादी कलम ११६ मध्ये आहे. डोळा किंवा कान निकामी होणे, अवयव गमावणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे यांच्या जोडीला हाड किंवा दात मोडणे वा निखळणे हेही त्या यादीत आहे. हाडाचे दोन तुकडे व्हायला हवेत असे नाही, एक्स-रेत दिसणारी भेगही पुरते. शिवाय जिवाला धोका निर्माण करणारी, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना देणारी वा नेहमीची कामे अशक्य करणारी इजाही गंभीरच. जुन्या कायद्यात हे वीस दिवस होते. म्हणजे मनगटाचे हाड मोडले त्या क्षणी ११७(२) लागू झाले: सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि गुन्हा दखलपात्र.

दुसरी, जागा. मारहाण तुमच्या शेतात झाली. दुसऱ्याच्या ताब्यातल्या जमिनीत गुन्हा करण्याच्या, धमकावण्याच्या किंवा त्रास देण्याच्या इराद्याने शिरणे हा फौजदारी अतिक्रमणाचा गुन्हा आहे, ३२९(३). शिक्षा जेमतेम तीन महिने, पण दखलपात्र. बांध नेमका कुणाचा यावर वाद असेल तर हे कलम डळमळते. म्हणून गट नंबर, सातबारा आणि बांधापासून किती फुटांवर प्रकार घडला हे फिर्यादीत यायला हवे.

तिसरी, भावाला पळू दिले का? दोघांनी दोन्ही बाजूंनी अडवून मारले असेल तर १२६(२) लागते, आणि तेही दखलपात्र आहे.

यातले एक जरी खरे असले तरी कलम १७४(४) कामाला येते. एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील आणि त्यातला एकही दखलपात्र असेल, तर सगळे प्रकरण दखलपात्र धरायचे, बाकीची कलमे अदखलपात्र असली तरी. एनसीचे एफआयआर होण्याचा हमरस्ता हाच आहे आणि ठाण्यात बोलताना याच पोटकलमाचा आकडा सांगायचा असतो.

यावरून कुणी ‘मग अडवल्याचे घाला की सगळीकडे’ असा सल्ला देईल. ऐकू नका. न घडलेली गोष्ट घातली की उलटतपासणीत पहिला घाव तिथेच बसतो आणि खरी असलेली हाडाची गोष्टही संशयाच्या छायेत जाते. खोटी माहिती देणे हा कलम २१७ प्रमाणे आणि खोटा आळ घेणे हा २४८ प्रमाणे स्वतंत्र गुन्हा आहे, तो वेगळाच.

आता ती काठी. जामीन मिळेल की नाही, हे तिच्यावर ठरणार आहे, म्हणून इथे जरा थांबावे लागेल. ११७(२), म्हणजे हत्याराविना केलेली गंभीर दुखापत, दखलपात्र आहे पण जामीनपात्र आहे. हाड मोडणारा माणूस ठाण्यातूनच जामिनावर घरी आला की फिर्यादीकडचे लोक ‘पोलीस फुटले’ म्हणतात. पुष्कळदा कुणी फुटलेले नसते, अनुसूचीतच तसे लिहिलेले आहे. हेच हाड धोकादायक हत्याराने मोडले असेल तर ११८(२) लागते. त्याला किमान एक वर्ष आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि ते अजामीनपात्र आहे. धोकादायक हत्यार म्हणजे गोळी झाडण्याचे, भोसकण्याचे, कापण्याचे साधन किंवा हल्ल्यात वापरले तर ज्याने मृत्यू येण्याचा संभव आहे अशी वस्तू. कोयता, कुऱ्हाड, विळा यांबद्दल प्रश्न येत नाही. काठीबद्दल येतो. बैल हाकायची हातभर छडी आणि टोकाला लोखंडी वळे ठोकलेली वेळूची जाड काठी या दोन्हींना फिर्यादीत ‘काठी’च म्हटले जाते, आणि मग कोर्टात वाद रंगतो. म्हणून लांबी, जाडी, कशाची होती, टोकाला काही होते का, किती वार केले, कुठे केले, हे पहिल्याच जबाबात यावे. कुऱ्हाड असेल तर पात्याने मारले की तुंब्याने, म्हणजे मागच्या बोथट बाजूने, हेही लिहावे. वैद्यकीय दाखल्यात ‘कठीण व बोथट वस्तू’ असे येणार असेल आणि फिर्यादीत ‘धारदार’ असे लिहिले असेल, तर ती विसंगती शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही.

धमकीचेही तसेच. ‘जिवे मारण्याची धमकी दिली’ आणि ‘घाणघाण शिव्या दिल्या’ ही ठाण्यातली ठरीव वाक्ये आहेत आणि न्यायालयात ती फारशी टिकत नाहीत. तोंडून निघालेले शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगा, ऐकायला कितीही वाईट असले तरी. नुसते ‘बघून घेतो’ हे धमकीच्या कलमासाठी फार मोघम आहे.

ठाण्यात आता काय करायचे ते सांगतो. सरकारी रुग्णालयात तपासणी झाली नसेल तर आधी ती करा. पोलिसांकडून वैद्यकीय तपासणीची यादी, म्हणजे डॉक्टरांच्या नावे पत्र, घेऊन गेलात तर दाखला थेट तपासाच्या कागदांत येतो. एक्स-रे खासगी केंद्रात काढला असेल तर नुसती फिल्म पुरत नाही, क्ष-किरण तज्ज्ञाचा तारीख आणि सहीचा अहवाल हवा. मग एनसीचा क्रमांक आणि तारीख देऊन लेखी अर्ज करा: एक्स-रेनुसार हाड मोडले आहे, त्यामुळे ११७(२) आणि आवश्यक ती इतर कलमे लावून कलम १७३ प्रमाणे गुन्हा नोंदवावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. पुढच्या प्रत्येक पायरीवर हाच शिक्का मागितला जातो.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली स्पष्ट केले. नव्या संहितेने त्यात एक फट ठेवली आहे: तीन वर्षे ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. ११७(२) ची शिक्षा सात वर्षांपर्यंत असल्याने ही सबब तुम्हाला लावता येत नाही. ‘चौकशी चालू आहे’ असे सांगितले गेले तर हे शांतपणे लक्षात आणून द्या. हद्दीचे कारणही चालत नाही. गोव्यात बॅग चोरीला गेली आणि कळले पुण्यात आल्यावर, तरी पुण्याच्या ठाण्याने शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो गोव्याकडे पाठवायचा असतो. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते.

तरीही नोंदवत नसतील तर १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवा आणि पावती व पोच जपून ठेवा. तिथे काही झाले नाही तर तपासाचा आदेश मागायला १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, प्रतिज्ञापत्रासह. बरेच अर्ज इथे आपटतात आणि कारण बहुधा एकच असते: अधीक्षकांची पायरी गाळलेली असते किंवा प्रतिज्ञापत्र जोडलेले नसते. दुसरी वाट आहे कलम २२३ च्या खासगी फिर्यादीची. तिच्यात न्यायालय स्वतः तुमचा आणि साक्षीदारांचा जबाब घेते, आणि नव्या तरतुदीप्रमाणे दखल घेण्याआधी समोरच्यालाही म्हणणे मांडायची संधी देते. पोलिसांनी जप्त करायचे काही उरलेले असेल, तुमच्या प्रकरणात ती काठी, तर १७५(३) बरी. सगळा पुरावा तुमच्या हातात असेल तर खासगी फिर्यादही चालते, फक्त तारखांचा भार तुमच्यावर येतो.

समोरच्यांच्या बाजूने पाहू, कारण गावच्या भांडणात उलट फिर्याद आल्याशिवाय राहत नाही आणि उद्या तुमचा भाऊच आरोपीच्या रकान्यात असू शकतो. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. ठाण्यातच जामीनदार किंवा जातमुचलका, म्हणजे स्वतःचे लेखी हमीपत्र, देऊन सुटता येते. जामीनदार मिळत नसेल आणि आठवडा उलटला असेल, तर माणूस गरीब आहे असे मानून जातमुचलक्यावर सोडावे लागते. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असे नव्हे. हक्क नाही, न्यायालयाने परिस्थिती पाहून ठरवायचे, एवढाच फरक. अटकपूर्व जामीन अजामीनपात्र गुन्ह्याच्याच भीतीपोटी मागता येतो. केवळ ११७(२) लागलेले असताना सत्र न्यायालयात त्यासाठी धाव घेणे म्हणजे फी वाया घालवणे. तो खर्च करण्यापूर्वी एफआयआरची प्रत काढा आणि कलमे अनुसूचीशी ताडून पाहा.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज काय, याची कारणे पोलिसांना लिहून ठेवावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेशकुमार निकालापासून न्यायालये हे काटेकोरपणे बघतात. अटकेची गरज नसेल तर कलम ३५(३) ची नोटीस येते. ती आली म्हणजे आता धरणार, असे समजून गावाबाहेर राहणारे लोक असतात. होते उलटेच. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला सहसा अटक करता येत नाही, आणि न जाणाऱ्याला अटक करायला पोलिसांना कारण मिळते. तारखेला जा आणि हजर राहिल्याची नोंद मागून घ्या. अटक झालीच तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. दोषारोपपत्र ६० दिवसांत, आणि मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आले नाही, तर आत असलेल्याला जामिनाचा हक्क मिळतो. मात्र तो मागावा लागतो. अर्ज न करता बसलात आणि मध्येच दोषारोपपत्र दाखल झाले तर तो हक्क गेला.

उलट फिर्यादीत खरा प्रश्न उभा राहतो मनाचा. फौजदारी कायद्यात नुसते कृत्य पुरत नाही, त्यामागची मनोवस्था लागते: इरादा, परिणामाची जाणीव किंवा निदान निष्काळजीपणा. मृत्यू तोच, पण मारण्याच्या इराद्याने घाव घातला तर खुनाचे १०३, बेदरकारपणे ट्रॅक्टर मागे घेताना माणूस चिरडला तर १०६(१), ज्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि जे जामीनपात्र आहे. इरादा कुणाच्या डोक्यात शिरून पाहता येत नाही. हत्यार, शरीराचा भाग, वारांची संख्या, आधीची वैर-धमकी यांवरून तो काढतात. डोक्याला चार टाके पडले की खुनाच्या प्रयत्नाचे १०९ लावा, असा आग्रह धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आणि भावाने स्वतःला वाचवताना समोरच्याला ढकलले असेल, त्यात तो पडून लागले असेल, तर कलम ३४ ते ४४ मधला खासगी बचावाचा हक्क त्याला आहे, धोका टळेपर्यंत आणि गरजेपुरताच. पळणाऱ्याच्या मागे धावून मारले तर तो बचाव संपला. म्हणून स्वतःच्या फिर्यादीत ‘मी काहीच केले नाही’ असे लिहू नका. ढकलले असेल तर ढकलले, का ढकलले ते लिहा. नंतर बचाव मांडताना आधीचा नकार आडवा येतो.

दोघांनी मिळून मारले आणि काठी एकाच्याच हातात होती, तर समान इरादा सिद्ध झाल्यावर ३(५) ने दोघेही सारखेच जबाबदार ठरतात. पण ‘सोबत होता’ एवढ्याने इरादा सिद्ध होत नाही. दुसऱ्याने हात धरले होते, ‘मार त्याला’ म्हणाला होता, असे काहीतरी लागते. तिथे नसलेल्या चुलत्याचे आणि पुतण्याचे नाव घुसवण्याची खोड गावोगाव आहे. तिने खऱ्या आरोपीलाच फायदा होतो.

खटला कोणत्या पद्धतीने चालतो, समन्स की वॉरंट, हे तुम्ही ठरवायचे नाही. दोन वर्षांहून अधिक शिक्षा असेल तर वॉरंट पद्धत, एवढे पुरे. ११७(२) चा खटला न्यायदंडाधिकाऱ्यांकडेच चालतो, आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी स्वतः जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद देऊ शकतात. सात वर्षे हा कायद्यातला वरचा आकडा आहे. तेवढी शिक्षा होईल असे गृहीत धरून कुणी बसू नये.

दोन्ही बाजूंच्या फिर्यादी झाल्या की पोलीस अनेकदा दोघांवरही चॅप्टर केस करतात, नागरिक सुरक्षा संहितेच्या १२६ खाली. कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर शांतता राखण्याचा मुचलका द्यावा लागतो, जास्तीत जास्त एक वर्षाचा. ही शिक्षा नव्हे आणि यात दोषी ठरवणेही नाही, पण तारखेला गैरहजर राहिल्याने विनाकारण वॉरंट निघते.

मिटवायचे झाले तर कलम ३५९ चा तक्ता बघा. साधी दुखापत जखमी माणूस न्यायालयाच्या परवानगीशिवाय मिटवू शकतो. ११७(२) ची गंभीर दुखापत न्यायालयाच्या परवानगीने मिटते. तडजोड जखमी माणसानेच करायची असते, वडिलांनी किंवा सरपंचांनी नव्हे, आणि ती झाली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच धरला जातो. तक्त्यात नसलेला गुन्हा, उदाहरणार्थ ११८(२), खालच्या न्यायालयात मिटत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात कलम ५२८ खाली एफआयआर रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो आणि तिथेही गुन्ह्याचे स्वरूप पाहूनच ठरते. पाचशेच्या स्टँपपेपरवर ‘आमची तक्रार नाही’ असे लिहून ठाण्यात दिल्याने एफआयआर मागे घेतला जात नाही. पैसे हातात पडण्यापूर्वी असे कागद लिहून देणारे तर दोन्हीकडून जातात.

शेवटी मुदत, कारण एनसीवर विसंबून राहणाऱ्यांचे सर्वांत मोठे नुकसान इथे होते. कलम ५१४ प्रमाणे एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालय घटनेपासून एका वर्षातच घेऊ शकते. एक ते तीन वर्षे शिक्षेच्या गुन्ह्याला तीन वर्षे, त्याहून मोठ्या गुन्ह्याला मुदत नाही. साध्या दुखापतीची एनसी करून ‘बघू, कोर्टात जाऊ’ म्हणत वर्ष घालवले तर ११५(२) ची दारे बंद होतात. तुमच्याकडे एक्स-रे आहे, ११७(२) ला मुदतीची अडचण नाही. पण काठी जितके दिवस समोरच्याच्या गोठ्यात राहील तितकी ती सापडण्याची शक्यता कमी होते. त्यामुळे आवक शिक्क्याचा अर्ज याच आठवड्यात द्या.